स्लेंडर लोरिस रात्री कसा शोधावा: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पहिल्या रात्री मी साडेतीन तास चाललो आणि मला एकही लोरिस दिसला नाही. माझ्या मागून, त्याच पायवाटेने, पंधरा मिनिटांच्या अंतराने येणाऱ्या वनरक्षकांना मात्र पाच दिसले होते, आणि त्यांतला एक तर मी पाणी प्यायला ज्या झाडाखाली टेकलो होतो त्याच झाडावर होता. त्यांनी माझी विजेरी पाहिली, हसले आणि ती हातातून काढून माझ्या कपाळाला बांधली. तेवढ्या एका बदलाने दुसऱ्या रात्री मला तीन दिसले. नवशिक्यांना लोरिस दिसत नाही याचे कारण बहुतेक वेळा लोरिस नसणे हे नसते. उजेड चुकीच्या जागी असतो आणि चाल फार भरभर असते. पुढचे टप्पे हे ध्यानात ठेवूनच लिहिले आहेत.

१. निघण्यापूर्वी प्राण्याची ओळख करून घ्या

स्लेंडर लोरिस हा माकडांचा दूरचा नातेवाईक असलेला, पूर्णपणे निशाचर आणि वृक्षवासी प्राणी आहे. तो फक्त दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत आढळतो. श्रीलंकेत तांबडा लोरिस आणि करडा लोरिस अशा दोन्ही जाती आहेत, तर भारतात केवळ करडा लोरिस आहे. त्याच्या दोन उपजाती आपल्याकडे दिसतात. म्हैसूर लोरिस हा पूर्वेकडील कोरड्या, काटेरी रानांतला; त्याचे वजन साधारण २५० ते ३०० ग्रॅम असते. मलबार लोरिस हा पश्चिम घाटाच्या दमट जंगलांतला, अंगाने लहान, २०० ग्रॅमच्या आसपास भरणारा आणि रंगाने अधिक तांबूस असतो. कन्नडमध्ये याला ‘काडु पापा’, म्हणजे रानातले बाळ, म्हणतात आणि तमिळमध्ये ‘तेवांगु’. गावकऱ्यांशी बोलताना ही नावे पाठ असलेली बरी, कारण ‘लोरिस’ म्हटल्यावर कोणीही मान हलवत नाही.

ओळखण्याच्या खुणा थोड्या आणि पक्क्या आहेत. शेपूट नाही. हातपाय पेन्सिलीएवढे बारीक आणि धडाच्या मानाने लांब आहेत. डोळे मोठे, गोल आणि माणसासारखे समोर रोखलेले असतात, आणि त्यांच्याभोवती गडद वर्तुळे असून मधून नाकाकडे पांढरट पट्टा उतरतो. हाताची तर्जनी अगदी खुंटलेली असते, त्यामुळे अंगठा आणि उरलेली बोटे यांच्या मधली पकड सांडशीसारखी रुंद होते. पायाच्या दुसऱ्या बोटाला चपट्या नखाऐवजी टोकदार नखी असते, जी तो अंग विंचरायला वापरतो. खालच्या जबड्यातले पुढचे दातही फणीसारखे पुढे झुकलेले असतात. हातापायांतल्या रक्तवाहिन्या बारीक जाळ्यासारख्या विभागलेल्या असल्यामुळे स्नायू न थकता तो एकच फांदी दीर्घकाळ घट्ट धरून निश्चल राहू शकतो. हा शेवटचा मुद्दा तुमच्या कामाचा आहे: धोका वाटल्यावर लोरिस पळेलच असे नाही, तो बहुधा जिथे आहे तिथेच थिजतो, आणि थिजलेला लोरिस वाळक्या फांदीपेक्षा वेगळा दिसत नाही.

येथे एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. समाजमाध्यमांवर हात वर करून गुदगुल्या करून घेणारा जो गुबगुबीत प्राणी दिसतो तो स्लो लोरिस होय, आणि तो आपल्याकडे फक्त ईशान्य भारतात आढळतो. त्याच्या कोपराजवळच्या ग्रंथीतून विषारी स्राव निघतो आणि हात वर करणे हा आनंद नसून भीतीचा व बचावाचा भाग असतो. दक्षिणेतल्या स्लेंडर लोरिसविषयी ‘तो विषारी आहे’ असे कोणी सांगितले तर ही दोन नावांची सरमिसळ झाली आहे असे समजावे.

२. जागा आणि वेळ ठरवा

पहिल्या खेपेला कोरडे काटेरी रान निवडा, दमट जंगल नको. सदाहरित जंगलात छत उंच आणि दाट असते, मलबार लोरिस पानांच्या आड वीस मीटरवर असला तरी उजेडात चमकणारा त्याचा डोळा तुम्हाला दिसत नाही, शिवाय हत्ती आणि गवे यांच्यामुळे रात्री पायी फिरणे हा वेगळाच प्रश्न होतो. उलट तमिळनाडूतल्या दिंडुक्कल आणि करूर जिल्ह्यांमधल्या टेकड्यांवर झाडे बुटकी, विरळ आणि काटेरी आहेत आणि लोरिस पुष्कळदा डोक्यापासून हात-दोन हात वरच असतो. याच भागात २०२२ मध्ये तमिळनाडू शासनाने ११,८०६ हेक्टरांवर कडवूर स्लेंडर लोरिस अभयारण्य घोषित केले. केवळ या प्राण्यासाठी राखलेले ते देशातले पहिले अभयारण्य आहे. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातले नागवल्ली गाव लोरिससाठी ओळखले जाते, आणि बंगळूरमध्ये भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातल्या झाडांवरही तो टिकून आहे. म्हणजे लोरिसला घनदाट जंगलच लागते असे नाही. त्याला लागते ती एकमेकांत अडकलेल्या फांद्यांची सलग वाट, कारण त्याला उडी मारता येत नाही. दोन झाडांमध्ये दोन हातांची फट पडली तरी त्याला जमिनीवर उतरावे लागते, आणि तिथेच कुत्री, मांजरे आणि मोटारी त्याला गाठतात.

वेळ संध्याकाळची. दिवसभर लोरिस काटेरी झुडपात किंवा फांद्यांच्या गुंत्यात, अनेकदा तीन-चार जणांच्या गटाने, अंगाचे मुटकुळे करून झोपतात. अंधार पडू लागला की ते जागे होतात, काही वेळ एकमेकांचे अंग चाटतात-विंचरतात आणि मग एकेकटे पांगतात. अंधार पडल्यापासूनचे पहिले तीन तास आणि पहाटेपूर्वीचा दीड तास हे दोन काळ मला सर्वांत फलदायी वाटले. पाऊस किंवा जोराचा वारा असेल तर सरळ सुट्टी घ्यावी. हलणाऱ्या फांद्यांत स्थिर डोळा शोधणे अशक्य होते.

३. परवानगी हातात आल्याशिवाय निघू नका

लोरिस हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूची १ मध्ये आहे. अभयारण्यात अभ्यास किंवा छायाचित्रणासाठी प्रवेश करायचा तर कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. राखीव वनात रात्री जाण्यासाठी विभागीय वनाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. खाजगी शेत किंवा बाग असेल तर मालकाची संमती पुरते, तरीही स्थानिक वनपालांना आणि गावच्या पोलीस पाटलांना किंवा पंचायतीला आधी सांगून ठेवा. रात्री अकरा वाजता झाडांवर लाल दिवे फिरवणारी माणसे पाहून गावकऱ्यांना चोर किंवा शिकारी वाटणे साहजिक आहे, आणि त्यांचा संशय निराधारही नसतो, कारण जादूटोण्यासाठी आणि गावठी औषधासाठी लोरिस पकडणारे लोक रात्रीच येतात.

मला वेगवेगळ्या वेळी मागितली गेलेली कागदपत्रे अशी:

- हेतू, तारखा, वेळ, नेमकी वाट आणि माणसांची संख्या लिहिलेला अर्ज, शक्यतो त्या राज्याच्या भाषेत किंवा इंग्रजीत
- प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत आणि दोन छायाचित्रे
- महाविद्यालय किंवा संस्था असल्यास तिचे पत्र
- प्राण्याला हात लावणार नाही, पकडणार नाही, असे हमीपत्र
- वाहनाचा क्रमांक आणि घरच्या व्यक्तीचा संपर्क

तोंडी ‘या तुम्ही’ यावर विसंबू नका. एकदा मी फोनवरच्या होकारावर गेलो, होकार देणारे साहेब दरम्यान बदलून गेले होते, आणि चारशे किलोमीटरचा प्रवास करून फाटकावरूनच परतावे लागले.

४. सामान

कपाळावर बांधायची विजेरी हे एकमेव अपरिहार्य साधन आहे, आणि तिचे कारण नीट समजले पाहिजे. लोरिसच्या डोळ्याच्या पडद्यामागे टॅपेटम नावाचा परावर्तक थर असतो, जो आत आलेला प्रकाश जवळजवळ आल्या वाटेनेच परत पाठवतो. म्हणून ती चमक उजेडाच्या उगमाजवळ असलेल्यालाच दिसते. विजेरी कमरेपाशी हातात धरली तर चमक तुमच्या हाताकडे परत जाते, तुमच्या डोळ्यांकडे नाही. माझी पहिली रात्र फुकट गेली ती यामुळे. कपाळावर पट्टा नसेल तर साधी विजेरी कानशिलाला टेकवून धरली तरी चालते.

उजेड लाल हवा. निशाचर प्राण्यांच्या डोळ्यांना लाल प्रकाश कमी जाणवतो, त्यामुळे ते आपले काम चालू ठेवतात. लाल दिव्याची सोय नसेल तर भेटवस्तूवर गुंडाळतात तसला लाल पारदर्शक कागद दुहेरी करून काचेवर रबराने बसवा. पांढरा उजेड फक्त वाटेवर पाय टाकण्यासाठी, जमिनीकडे वळवलेला आणि मंद ठेवा. कोरड्या रानात घोणस आणि फुरसे असतात, त्यामुळे घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट आणि जाड विजार यांत तडजोड करू नये.

याखेरीज दुर्बीण, वही आणि पेन्सिल (ओल्या कागदावर पेन चालत नाही), जागेचे अक्षांश-रेखांश घेण्यापुरता मोबाइल, विजेरीच्या सेलचे दोन जादा संच आणि पाणी एवढे पुरते. ध्वनिक्षेपक आणि नोंदवलेले आवाज नेऊ नका.

५. दिवसा वाट पाहून ठेवा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. ज्या वाटेने रात्री चालायचे ती दुपारी एकदा चालून काढा, विहिरी, तारेची कुंपणे, ओढे आणि काटेरी निवडुंग लक्षात ठेवा, दर शंभर मीटरवर चुन्याची किंवा दोऱ्याची खूण करा. एक ते दोन किलोमीटरची वाट पुरेशी आहे. काम संपल्यावर दोरे काढून सोबत घेऊन या.

६. चाल

तासाला एक किलोमीटर. लिहिताना हे सोपे वाटते, पण प्रत्यक्षात इतके सावकाश चालणे पहिल्या अर्ध्या तासात असह्य होते आणि पाय आपोआप वेग घेतात. मी दहा पावले चालून थांबतो, मान न हलवता आधी जवळची झुडपे, मग मधली उंची, मग शेंडे असे डावीकडून उजवीकडे पाहतो, नंतर मागे वळूनही एकदा पाहतो, आणि मग पुढची दहा पावले. मागे वळून पाहणे विसरू नका; जाताना पाठमोरा असलेला लोरिस आपण पुढे गेल्यावर हमखास आपल्याकडे तोंड करून पाहतो.

दोघांनी चालावे, एकाने डावी बाजू आणि दुसऱ्याने उजवी घ्यावी. तिघांहून अधिक माणसे नकोत. बोलायचे असल्यास कुजबुजू नये, हलक्या पण सामान्य आवाजात बोलावे, कारण कुजबुजीतले ‘स’ आणि ‘श’ रात्री फार लांब जातात. मधून मधून विजेरी पूर्ण बंद करून दोन मिनिटे नुसते ऐका. लोरिसची शीळ बारीक, उंच आणि एकदा ऐकली की ओळखू येणारी असते. पांगलेले लोरिस तिच्या आधारे एकमेकांचा ठाव घेतात आणि पहाटे झोपायला एकत्र येताना ती पुन्हा ऐकू येते.

७. चमक दिसली म्हणजे लोरिस दिसला असे नाही

पहिल्या आठवड्यात माझ्या वहीत जे ‘लोरिस’ होते त्यांपैकी निम्मे कोळी निघाले असावेत, अशी मला आता दाट शंका आहे. म्हणून चमक दिसताच नोंद करू नका, पुढील गोष्टी क्रमाने तपासा.

डोळे एक की दोन? लोरिसचे डोळे समोर असल्यामुळे तो तुमच्याकडे पाहत असेल तर दोन्ही एकाच वेळी, जवळजवळ, केशरी-लाल निखाऱ्यांसारखे चमकतात. रातव्याचाही डोळा लाल चमकतो, पण पक्ष्याचे डोळे बाजूंना असल्याने बहुधा एकच दिसतो, आणि तो जमिनीवर किंवा आडव्या खोडावर असतो. कोळ्याची चमक सुईच्या टोकाएवढी, पांढरट-हिरवट, आणि दोन पावले सरकलात की विझणारी. उदमांजराचे डोळे मोठे असतात, त्यांच्यातले अंतर जास्त असते, आणि खाली लांब शेपूट लोंबत असते. उडत्या खारीची चमकही लालसर असते, तिथे मात्र हालचाल पाहावी: खार झटक्याने धावते, थांबते, पुन्हा धावते. लोरिसची चमक हळूहळू, एका रेषेत, तेल ओघळावे तशी सरकते, मध्येच मिटते आणि थोड्या अंतरावर पुन्हा उघडते. पश्चिम घाटात काटेरी डॉरमाउस या उंदरासारख्या प्राण्यामुळेही फसायला होते, पण त्याला झुबकेदार शेपूट असते.

केवळ रंगावर भिस्त ठेवू नये. विजेरीचा प्रकार आणि पाहण्याचा कोन बदलला की रंगही बदलतो. शेपूट नाही आणि हातपाय काटकुळे आहेत, हे दुर्बिणीतून दिसले तरच ‘नक्की’ असे लिहावे. एरवी ‘संभाव्य’ असा वेगळा रकाना ठेवावा.

८. दिसल्यावर काय पाहायचे

आधी थांबा. उजेडाचा झोत थेट डोळ्यांवर न ठेवता किंचित बाजूला सरकवा आणि निदान पाच मिनिटे जागेवरून हलू नका. थिजलेला लोरिस तेवढ्या वेळात बहुधा पुन्हा कामाला लागतो.

एका बाभळीवर मी अशीच वीस मिनिटे पाहिलेली शिकार सांगतो. लोरिस फांदीच्या टोकाकडे चालला होता, एक हात, एक पाय, एक हात, असा. पान हलत नव्हते. समोर एक टोळ बसला होता. हातभर अंतर उरल्यावर त्याने दोन्ही पायांनी फांदी धरली, धड पुढे काढले आणि क्षणात दोन्ही हात एकदम फेकून टोळ मुठीत घेतला. त्या झेपेतला वेग पाहिल्यावर ‘आळशी’ हे विशेषण मी पुन्हा कधी वापरले नाही. मग डोळे अर्धवट मिटून, डोक्यापासून सुरुवात करून त्याने तो चावून खाल्ला आणि पंख खाली टाकले. थोड्या वेळाने तोच लोरिस खोडावरच्या मुंग्या चाटू लागला आणि दर दोन घासांनंतर डोके झटकून शिंकू लागला.

लोरिसच्या अभ्यासक अ‍ॅना नेकारिस यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस दिंडुक्कल जिल्ह्यातल्या अय्यलूर परिसरात केलेल्या अभ्यासात म्हैसूर लोरिसचे अन्न जवळजवळ सर्वस्वी प्राणिज, आणि त्यात मुंग्या व वाळवीचा वाटा मोठा, असे आढळले. झाडाचा डिंकही तो कधीकधी चाटतो. हातापायांवर लघवी करून ती चोळण्याची एक विचित्र वाटणारी सवय तुम्हाला दिसेल. ती गंधखूण ठेवण्यासाठी असते, आणि डंख मारणाऱ्या किड्यांच्या दाहावर उतारा म्हणूनही असावी, असा एक अंदाज आहे.

छायाचित्र घ्यायचेच असेल तर फ्लॅश वापरू नये. लाल उजेडात चित्र वाईट येते हे मान्य करावे आणि वहीत चांगले लिहावे.

९. नोंद

तारीख, वेळ, वाटेच्या सुरुवातीपासूनचे अंतर, झाडाची जात, जमिनीपासूनची उंची, किती लोरिस, काय करत होते, आणि शेजारच्या झाडाशी फांद्या जुळलेल्या आहेत की नाहीत, एवढे लिहा. संख्या नेहमी चाललेल्या अंतराशी जोडून सांगतात: चार किलोमीटरांत सहा लोरिस म्हणजे किलोमीटरला दीड. ज्या रात्री काहीच दिसले नाही ती रात्रही अंतरासह लिहायची असते. ती गाळली तर तुमचा आकडा फुगतो आणि कोणाच्याही उपयोगाचा राहत नाही.

नेमकी जागा सार्वजनिक करू नका. छायाचित्रात दडलेली स्थानमाहिती काढून टाका, आणि कोणी विचारले तर तालुक्याच्या नावापलीकडे जाऊ नका.

१०. एकटे पिल्लू किंवा जखमी लोरिस आढळल्यास

मादीचा गर्भकाळ सुमारे साडेपाच महिन्यांचा असतो आणि तिला एक किंवा दोन पिल्ले होतात. पहिले काही आठवडे पिल्लू तिच्या पोटाला चिकटून फिरते. त्यानंतर ती त्याला संध्याकाळी एखाद्या फांदीवर सोडून चरायला जाते आणि नंतर परत येऊन घेते. त्यामुळे रात्री फांदीला घट्ट धरून बसलेले एकटे पिल्लू हे अनाथ नसते. त्याला खाली काढू नका, खायला देऊ नका, उजेड बंद करून वाट पुढे धरा. आमच्या गटातल्या एका नवख्या मुलीने अशाच पिल्लाला ‘वाचवण्यासाठी’ हात वर केला होता. वनरक्षकांनी तिला अडवले आणि आम्ही सगळे पन्नास पावले मागे जाऊन अंधारात बसलो. पाऊण तासाने वरच्या फांदीवर आणखी दोन डोळे उघडले, सावकाश खाली आले, आणि चार डोळ्यांचे पुन्हा दोन झाले, कारण पिल्लाने तोंड आईच्या पोटात खुपसले होते.

जमिनीवर पडलेला, तारेचा धक्का बसलेला किंवा कुत्र्याने धरलेला लोरिस मात्र वेगळा. अशा वेळी आधी कुत्रे दूर करा, वन विभागाला फोन करा आणि ते येईपर्यंत लांब उभे राहा. त्यांनीच उचलायला सांगितले तर जाड टॉवेलने, कारण त्याचा चावा खोल जातो. आणि छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, आत धरायला एक आडवी काटकी टाकून, अंधारात ठेवा. दूध, पाणी, केळे यांपैकी काहीही तोंडाला लावू नका.